रजा द्या हो, पण बदली माणूस कुठाय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या बापांना रजा मिळावी की नाही यावर तुमच्या पत्रांच्या पानात सध्या जी जुंपलीय ती मी रोज लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचतेय. एकीकडे नवे बाप, त्यांचं म्हणणं दहापंधरा दिवसांत काय होतंय, तीन महिने द्या. दुसरीकडे मूलबाळ नसलेले, त्यांचं म्हणणं पोरं तुमची आणि उशिरापर्यंत थांबायचं आम्ही, हा कुठला न्याय. दोन्हीकडची पत्रं वाचून मला वाटायला लागलंय की भांडण चुकीच्या दोघांत लागलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी तशी दुसऱ्या पार्टीतली. वय ४५, लग्न केलं नाही, मूल नाही, घरी ७८ वर्षांचे बाबा आणि मी. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, नाव नको, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आम्ही चौघं. त्यातला एक बिलिंग आणि जीएसटी बघतो, तिशीचा पोरगा, कामाला चोख. गेल्या मार्चची गोष्ट. त्याच्या बायकोची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली होती म्हणून त्याने सगळं आखून ठेवलेलं, मार्च क्लोजिंग, म्हणजे वर्षअखेरचे हिशोब, संपवतो आणि मगच रजेवर जातो. आता बाळाला काय क्लोजिंग कळतंय. ते आलं १८ मार्चला, सिझर करून, आणि जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख २०. आमच्याकडे बापाला दहा दिवसांची पगारी रजा आहे, दोन वर्षांपूर्वी एचआरने सगळ्या ऑफिसला मेल टाकून जाहीर केलेली, वर निळेगुलाबी फुगे वगैरे. त्या मेलमध्ये सगळं होतं, अर्ज कसा करायचा, सर्टिफिकेट कुठलं जोडायचं, रजा तुकड्यातुकड्याने घेता येते का. एवढंच नव्हतं की त्या दहा दिवसांत त्याचं काम कोण करणार. लिहायची गरज नव्हती म्हणा. मी करणार.

साहेब टेबलापाशी आले आणि म्हणाले, मॅडम तुम्ही जरा बघून घ्याल ना, तुम्हाला तसं घरी काही... आणि पुढे बोललेच नाहीत. हे वाक्य कोणीच कधी पुरं करत नाही. वीसेक वर्षं मी ते अर्धवटच ऐकतेय. दिवाळीत पाडव्याला कोण थांबेल, मॅडम थांबतील, त्यांना तसं घरी काही. मे महिन्यात रजा टाकली की, मॅडम मुलांच्या सुट्ट्या असतात ना मे मध्ये, तुम्ही ऑक्टोबरमध्ये घ्या की. घरी काही नाही म्हणजे काय, बाबांना डावीकडून लकवा मारलाय, सकाळी आंघोळ घालून, नाश्ता देऊन, गोळ्यांची डबी भरून मी ७.४२ पकडते. पण ते 'घरी काही' मध्ये धरत नाहीत, कारण त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून कोणी अभिनंदन करत नाही.

तर ते दहा दिवस मी रोज रात्री साडेनऊ-दहाला निघत होते. ३१ ला तर ठाण्याहून शेवटच्या काही गाड्यांपैकी एक मिळाली. बाबांना शेजारच्या वहिनींनी खिचडी दिली, भरवली पण, त्यांचे उपकार आहेत. आणि खोटं कशाला बोलू, मला राग आला होता आणि तो कंपनीचा नव्हता, त्या पोराचा होता. मी एक्सेलची शीट उघडून मांडलं की गेल्या सहा वर्षांत कोणाकोणाच्या बाळंतपणात, नर्सरीच्या अॅडमिशनमध्ये, पोरांच्या तापात आणि गॅदरिंगमध्ये मी किती दिवस दुसऱ्याचं काम ओढलं. १४३ दिवस भरले. (अकाउंट्सवाली आहे, मोजल्याशिवाय मला रागसुद्धा नीट येत नाही.) ती शीट मी साहेबांना पाठवणार होते. सब्जेक्ट लाइन पण लिहून झाली होती.

मग एका रविवारी बाळाला बघायला गेले, झबलं-टोपडं घेऊन, रीत म्हणून. तो दारातच म्हणाला, मॅडम सॉरी, त्या रात्री हॉस्पिटलमध्ये रेंज नव्हती म्हणून खरेदीचं रिकन्सिलिएशन पाठवायला मला सव्वादोन वाजले, तुम्हाला सकाळी मिळालं ना? मी म्हटलं कुठलं रिकन्सिलिएशन. तर त्याच्याकडूनही साहेब रोज काहीतरी मागवत होते, फोनवर, जरा पाच मिनिटं करून. बायको टाक्यांमुळे कुशीवर वळू शकत नाही, बाळाला कावीळ म्हणून निळ्या लाइटखाली ठेवलेलं, आणि हा बाहेर बाकड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन खरेदीच्या बिलांवर भरलेला जीएसटी, म्हणजे इनपुट क्रेडिट, जुळवतोय. आणि तेच मी इकडे ऑफिसात पुन्हा पहिल्यापासून जुळवत बसले होते कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बघा, रजा एका माणसाची, ती भरून काढली दोघांनी आपापल्या रात्री घालून, आणि कंपनीच्या वहीत त्याचा खर्च शून्य. डबल एंट्री शिकलेल्या बाईला हे आधीच दिसायला हवं होतं. शीट पाठवली नाही. डिलीट पण केली नाही, आहे अजून.

आता कायद्याचं. बऱ्याच पत्रांत घोळ दिसतो, लोकांना वाटतं बापाच्या रजेचा कायदा आहे आणि कंपन्या तो पाळत नाहीत. तसं नाहीये. केंद्र सरकारी नोकरांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर, बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते, मूल दत्तक घेतलं तरी मिळते. पण ती नोकरीच्या नियमांत आहे, सगळ्या देशाच्या कायद्यात नाही. खासगीत बापासाठी काहीच नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा नावाप्रमाणे आईचा होता. २०१७ मध्ये तिची रजा १२ आठवड्यांची २६ केली, चांगलं झालं, पण बाप त्यात आला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तीच कलमं उचलून ठेवली, तिथेही बाप नाही. आपला महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा काढून बघा, वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, २० दिवस कामाला एक दिवस हक्काची रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते, जादा कामाला दुप्पट दराने पैसे (हे वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसले), सगळं आहे, बाप नाही. म्हणजे खासगीत जे दहा-पंधरा दिवस मिळतात ते कंपनीच्या मर्जीवर. झोमॅटोने २०१९ मध्ये आईला आणि बापाला सारखीच २६ आठवड्यांची रजा जाहीर केली तेव्हा केवढं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं, पण ती पगारी नोकरांना. पावसात बिर्याणी आणून देणारा पोरगा त्यांच्या भाषेत पार्टनर, त्याच्या घरी बाळ आलं तर त्याने अॅप बंद ठेवायचं आणि तेवढे दिवस कमाई पण बंद.

आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं असंही नाही. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच लोकसभेत खासगी विधेयक (म्हणजे सरकारने नाही, एका खासदाराने आणलेलं) मांडलं होतं, पितृत्व लाभाचं. १५ दिवसांची रजा, वाढवून तीन महिन्यांपर्यंत, आणि असंघटित कामगारांनाही. खासगी सदस्यांची विधेयकं आपल्याकडे बहुतेक मांडली जातात आणि तिथेच राहतात, हेही राहिलं. २०२१ च्या मे मध्ये सातव गेले, आणि ते गेले तेव्हा त्यांच्याबद्दल जेवढं छापून आलं त्यात मला तरी हे कुठे दिसलं नाही. मला त्या विधेयकातली जी गोष्ट पटते ती रजेच्या दिवसांची नाहीच. त्यात एका निधीची कल्पना होती, सगळे कर्मचारी, बाई असो की पुरुष, मालक आणि केंद्र सरकार या तिघांनी ठरलेल्या प्रमाणात त्यात पैसे घालायचे. 'सगळे कर्मचारी' म्हणजे त्यात मी पण आले, मूल नसलेली. आणि मला चालेल! महिन्याला शंभर रुपये कापा माझ्या पगारातून, मी कुरकुर करणार नाही, कारण शंभर रुपये ही मोजता येणारी गोष्ट आहे. आत्ता माझ्याकडून जे कापलं जातं ते पे स्लिपवर येत नाही.

एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं होतं की आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, बापाचं तिथे काय काम, आमच्या वेळी आम्ही शनिवारी सासुरवाडीला जाऊन बाळ बघून यायचो. काका, रागावू नका, पण आता माहेर पण नोकरीला जातं. माझ्या त्या सहकाऱ्याची सासू इचलकरंजीला शाळेत आहे, रिटायर व्हायला चार वर्षं बाकी, मार्च म्हणजे परीक्षेचे दिवस, ती कशी येणार? डिंकाचे लाडू आणि अळीव कुरिअरने आले. शेकशेगडीला बाई मिळाली तर तिचे दर ऐकून मला चक्कर आली. आणि सिझर झालेल्या बाईला पहिले काही दिवस बाळ उचलून द्यायला, लंगोट बदलायला, तिला स्वतःला बाथरूमपर्यंत न्यायला माणूस लागतोच, तो आई असो सासू असो की नवरा. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात, तेव्हा बाप तिथे असला तर निदान शुद्धलेखन तरी तपासेल. हा विनोद झाला, पण मुद्दा कळला असेल.

आता क्रिकेट, कारण त्याशिवाय आपल्याला पटत नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये अॅडलेडला आपण ३६ मध्ये गुंडाळलो गेलो आणि लगेच कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी परतला. काय शिव्या घातल्या लोकांनी, देश मोठा की पोर. मी पण घातल्या होत्या, तेव्हा एक्सेल शीट नव्हती पण राग तोच. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीय, आपल्या अजिंक्य रहाणेने मेलबर्नला कप्तानी करून ११२ काढल्या, मॅच जिंकली, सिरीज पण २-१ ने जिंकली. याच रहाणेची पोरगी २०१९ मध्ये झाली तेव्हा तो विशाखापट्टणमला आफ्रिकेविरुद्ध टेस्ट खेळत होता हे किती जणांना आठवतं? आणि त्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर नटराजन होता, सेलमचा डावखुरा बॉलर. त्याची मुलगी आयपीएलच्या शेवटाशेवटाला झाली, तो तिला न बघताच यूएईतून थेट ऑस्ट्रेलियाला गेला आणि वनडे-टी२० संपल्यावर टेस्टसाठीही नेट बॉलर म्हणून थांबवून घेतला गेला. गावसकरांनी तेव्हा हेच विचारलं होतं की एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा का. माझ्या मते रजेतला खरा अन्याय हा आहे, मूल असलेला विरुद्ध नसलेला असा नाहीच तो, वजन असलेला विरुद्ध नसलेला असा आहे. आमचे साहेब मुलीच्या बारावीला महिनाभर वर्क फ्रॉम होम होते, कोणी फुगे लावले नाहीत, कोणी विचारलं पण नाही.

पण मला त्या दौऱ्यातलं दुसरंच सांगायचंय. कोहली गेला म्हणून मेलबर्नला आपण दहा जण खेळलो का? त्याच्या जागी जडेजा आला. कोहली नाही म्हणून पुजाराला सांगितलं का की तू दोनदा बॅटिंगला ये, तुला तसं घरी काही? माणूस गेला की त्या जागी माणूस येतो, तो कायम बसलेला असतो बाकावर, त्याला त्याचे पैसे मिळतात, हे टीमला कळतं आणि करोडोंच्या कंपनीला कळत नाही.

हे माझ्या डोक्यात क्रिकेटमुळे आलं नाही खरं तर, बाबांमुळे आलं. बाबा लालबागला एका गिरणीत बदली कामगार होते. आजच्या मुलांना बदली म्हणजे ट्रान्सफर वाटेल, म्हणून सांगते. बदली म्हणजे ज्याचं कायम खातं नाही, स्वतःचा साचा, म्हणजे यंत्र, नाही, पण हातात बदली कार्ड आहे असा माणूस. पाळी सुरू व्हायच्या आधी जाऊन गेटवर उभं राहायचं. आत कोणाचा खाडा पडला असेल, कोण आजारी, कोण गावाला, तर नाव पुकारणार, नाव आलं तर त्या दिवसाचा पगार, नाही आलं तर कटिंग चहा मारून घरी. तरी रोज जायचंच, कारण गेला नाही तर कार्डावर खाडा लागणार आणि पुढच्या वेळी नाव मागे पडणार. यात काही मोठं सुख नव्हतं, वर्षानुवर्षं लोक बदलीचे बदलीच राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला त्यात बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती, आणि बाबा कायम व्हायच्या ऐवजी कायमचे घरी आले. मग डोंबिवली एमआयडीसीत वॉचमन, ते पुढचं वेगळं पत्र होईल.

मी १९८० च्या शिमग्यातली. शिमगा आणि गणपती म्हणजे बदलीवाल्यांचा सीझन, कोकणातले कायमवाले सगळे गावाला, गिरणीत जागाच जागा, सलग वीस-बावीस दिवस नाव येणार, तेवढ्यात वर्षाची उधारी फेडायची. आईला पहाटे कळा सुरू झाल्या, चाळीतल्या बायकांनी तिला केईएमला नेलं, आणि बाबा गेटवर गेले कारण त्या दिवसात खाडा परवडत नव्हता. त्या दिवशी नाव आलं, दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशी रात्रीची पाळी संपवून त्यांनी मला बघितलं. परवा मी त्यांना हे तुमच्या पानावरचं भांडण वाचून दाखवलं. त्यांचं बोलणं आता जरा जड झालंय, थांबत थांबत म्हणाले, तू झालीस तेव्हा मी दुसऱ्याच्या साच्यावर होतो, तो गेलेला चिपळूणला पालखी नाचवायला. मी विचारलं, राग नाही आला त्याचा? तर हसले. म्हणाले, त्याचा कशाला, तो गेला म्हणून तर मला पगार मिळाला.

हे ऐकल्यापासून मी विचार करतेय. गिरणीमालक काही संत नव्हते. पण साचा रिकामा ठेवणं त्यांना परवडत नव्हतं आणि शेजारच्याच्या अंगावर टाकला तर सूत तुटणार, कापडात डाग येणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते रिकाम्या जागेवर माणूस उभा करायचे आणि त्याला मोजून पैसे द्यायचे. एकाची रजा म्हणजे दुसऱ्याचा पगार. आमच्याकडे एकाची रजा म्हणजे दुसऱ्याची रात्र. आणि सूत आमचंही तुटतं बरं का, त्या मार्चमध्ये मी एका पार्टीचं बिल दोनदा धरलं, ते जूनमध्ये सापडलं, तोपर्यंत त्यावर व्याज. ते व्याज बदली माणसाच्या दहा दिवसांच्या पगारापेक्षा जास्त होतं, मी हिशोब करून दाखवला, साहेब म्हणाले, मॅडम पुढच्या वेळी जरा लक्ष द्या.

मी जुनी बदलीची पद्धत परत आणा म्हणत नाहीये, कृपया तसं हेडिंग देऊ नका. पण बाहेर बघा. स्वीडनचं उदाहरण सगळेच देतात, आईबापात मिळून एका मुलामागे ४८० दिवस, त्यातले ९० बापाचे, ते त्याने घेतले नाहीत तर फुकट जातात. हे सगळ्यांना पाठ आहे. हे कोणी सांगत नाही की तिकडे त्या रजेचे पैसे सरकारी सामाजिक विम्यातून येतात, मालकाला रजेवरच्या माणसाचा पगार पूर्ण भरत बसावं लागत नाही, आणि त्या रिकाम्या जागेवर ठराविक महिन्यांसाठी घेतलेला माणूस येतो. त्या नोकरीला त्यांच्या भाषेत 'विकारिआत' म्हणतात. नाव ऐकून पोटाचा आजार वाटतो, पण अर्थ बघायला गेलं तर आमच्या बाबांचीच नोकरी, फक्त करार लेखी, महिने ठरलेले. तिथे मूल नसलेला माणूस रजेवरच्या बापाला शिव्या घालत नसेल असं नाही, माणूस तो माणूस, पण निदान त्याच्या टेबलावर दोघांच्या फायली नसतात.

आपल्याकडे उलटं. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे त्यांना ईएसआयसीतून बाळंतपणाचे पैसे मिळतात, बाकी सगळ्या बायकांचे २६ आठवडे मालकाने एकट्याने भरायचे. कायदा करताना टाळ्या आणि बिल मात्र मालकाला. मग मालक काय करतो, तो आधीच चाळणी लावतो. मी २९ ची असताना एका इंटरव्ह्यूला गेले होते, तेव्हा ही रजा १२ आठवड्यांचीच होती. टॅलीचे प्रश्न झाले, टीडीएसचे झाले, मग समोरचे गृहस्थ म्हणाले, लग्नाचं काय मग? मी म्हटलं विचार नाही. ते म्हणाले सगळ्या असंच म्हणतात. नोकरी माझ्याबरोबर आलेल्या मुलाला मिळाली, त्याला लग्नाचं विचारलं नव्हतं, आम्ही नंतर खाली वडापाव खाताना बोललो होतो. म्हणजे जी रजा मी आयुष्यात कधी घेतली नाही आणि घेणार नाही तिची किंमत मी भरलीय! आणि म्हणून, मूल नसलेल्या माझ्या भावाबहिणींनो, मी बापाच्या रजेच्या बाजूने आहे, प्रेमाने नाही, स्वार्थाने. ज्या दिवशी समोर बसलेल्या २९ वर्षांच्या मुलाकडे बघून पण त्या गृहस्थांना वाटेल की हा पण तीन महिने जाऊ शकतो, त्या दिवशी ते मुलीला विचारणं सोडतील, किंवा दोघांना विचारतील, तेही चालेल. दहा दिवसांच्या रजेने हे होत नाही. दहा दिवस म्हणजे लग्नाची सुट्टी.

आता राहिलं आमचं, म्हणजे ज्यांच्या घरात पाळणा नाही पण आजारी माणसाचा पलंग आहे. आमच्यातली एक नवीन मुलगी मांजर आणलं म्हणून रजा मागायला गेली, सगळे हसले, मी पण हसले. मला मूल नाही म्हणून बदल्यात तितके दिवस द्या अशी माझी मागणी नाही, तो हिशोब पोरकटपणाचा आहे, मूल असलेल्याला काही ते दहा दिवस महाबळेश्वरला घालवायला मिळत नाहीत. माझं म्हणणं, रजा माणूस सांभाळायला द्या, तो माणूस तीन किलोचा असो की साठ किलोचा. २००७ चा कायदा आहे आई-वडिलांच्या निर्वाहाचा, मुलांनी सांभाळलं नाही तर ट्रिब्युनलकडे जाता येतं, महिना दहा हजारांपर्यंत खर्च लावता येतो. ठीक आहे, योग्य आहे. पण सांभाळायला वेळ लागतो तो कुठून आणायचा ते त्या कायद्यात नाही. गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ च्या, राज्यसभेत कोणीतरी विचारलं तेव्हा सरकारने सांगितलं की केंद्रीय कर्मचारी आपल्या ३० दिवसांच्या अर्जित रजेतून वृद्ध आई-वडिलांसाठी रजा घेऊ शकतात. घेऊ शकतात म्हणजे काय, ती त्यांचीच रजा आहे, ते तिच्यात पतंग पण उडवू शकतात. आसामने २०२४ मध्ये आई-वडिलांसोबत राहायला म्हणून दोन दिवस दिले, नोव्हेंबरात. दोन दिवसात बाबांची फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट पण मिळत नाही, पण निदान कोणाला तरी सुचलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अॅटॅक आला तेव्हा मी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सात पीएल, म्हणजे हक्काच्या रजा, होत्या, चार दिवस बिनपगारी लागले. तेव्हा माझं काम कोणी केलं माहितीय? त्याच पोराने. तेव्हा त्याचं लग्न पण झालं नव्हतं, त्याला तसं घरी काही. हे मी त्या १४३ च्या शीटमध्ये धरलंच नव्हतं, कारण शीट मी बनवली होती.

परवा आम्ही दोघांनी मिळून एचआरला मेल टाकलाय. अवघड काही मागितलेलं नाही. कोणीही आठवड्याच्या वर रजेवर गेलं, कारण कुठलंही असो, तर तेवढ्या दिवसांसाठी बाहेरून माणूस घ्यायचा. सीएकडची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, संपवलेली कितीतरी मुलं महिना-दीड महिन्याचं काम शोधत असतात. ते जमत नसेल तर जो जागेवर थांबून दोघांचं काम करेल त्याला जादा कामाचे पैसे कायद्यात लिहिल्याप्रमाणे दुप्पट द्यायचे आणि ते पे स्लिपवर वेगळ्या ओळीत दाखवायचे. आणि रजेवर गेलेल्या माणसाला फोन करायचा नाही. साहेब म्हणाले, तुम्ही दोघं एकत्र कसे काय, तुमचं तर भांडण होतं ना.

आमच्या डिस्पॅचच्या एका मुलाच्या घरी ऑगस्टमध्ये पाळणा हलणार आहे, डॉक्टरांनी तारीख दिलीय १९. म्हणजे पुन्हा ३बी च्या तोंडावर, आणि डिस्पॅचची बिलं आमच्याकडेच येतात. त्या मेलला अजून उत्तर नाही. दोनदा रिमाइंडर पाठवला. काल एचआरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या, म्हणाल्या, बघतोय मॅडम, पण तोपर्यंत तुम्ही जरा...

मजला आला, मी उतरले.

आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)